पाण्याच्या दिवशीचे सिनेमे

नरसक्का, तू गेलीस तेव्हा मला रडू यायच्या आधी हुश्श वाटलं. हे चारचौघांत बोलायची सोय नाही. लोक म्हणतील, बाई दगडाच्या काळजाची दिसते. पण तुला सांगायला काय हरकत आहे? शेवटी शेवटी तुला आडवं होता येत नव्हतं. भिंतीशी उशा रचून बसल्या बसल्या डोळे मिटायचीस, आणि तुझ्या छातीतून असा आवाज यायचा की शेजारी बसलेल्यानं आपलाच श्वास धरून ठेवावा. त्या सकाळी तुझ्या श्रीनिवासचा फोन आला, "ताई, अम्मा गेली." मी गॅस बंद केला, ओट्याला टेकून उभी राहिले, आणि मनात पहिलं आलं ते हेच, की आता हिला आडवं झोपता येईल.

ही पहिली सुटका. दुसरी सुटका तुझे दिवस झाल्यावर झाली, आणि ती तुझी नव्हे, माझी. तीच तुला सांगायला बसले आहे. मध्ये बोलू नकोस. सिनेमात बोलायचीस तेवढं पुरे झालं.

आम्ही माढ्याहून सोलापुरात आलो तेव्हा मी नववीत जाणार होते. वडिलांची बदली झाली होती आणि खोली मिळाली ती पूर्व भागात, तुझ्या गल्लीत. अख्खी गल्ली तेलुगू बोलणारी, दिवसभर मागांचा खडखडाट, आणि मधोमध आमचं एकच मराठी घर. शाळेत पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, पुस्तक आणलंय का, आणि मी उभी राहून म्हणाले, "न्हाय, बाई." वर्ग हसला. बाईपण हसल्या, वाईट मनानं नव्हे, पण हसल्या. मग मी ठरवलं की लागेल तेवढंच बोलायचं, आणि लागतच नाही असं हळूहळू लक्षात आलं. मधल्या सुट्टीत मी डबा बसून खात नसे. डबा हातात धरून मैदानाला फेऱ्या मारत खायचे. चालणारा माणूस एकटा दिसत नाही, कुणाला तरी भेटायला निघालाय असं वाटतं, हा माझा त्या वयातला शोध होता.

घरी यायचे तर तू दारात विड्या वळत बसलेली. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि हात असे चालायचे की बघणाऱ्याला वाटावं त्यांचा तुझ्याशी काही संबंधच नाही. तोंड वेगळंच काहीतरी बोलत असायचं. तुझं मराठी ऐकून मला पहिल्यांदा धीर आला, हे तुला मी कधी सांगितलं नाही. तू "पाणी आला" म्हणायचीस. "माझी डोकं दुखतो" म्हणायचीस. वरच्या गल्लीतल्या मराठी बायका नळावर तुझी नक्कल करून हसायच्या, आणि दुसऱ्या दिवशी तू तितक्याच मोठ्यानं पुन्हा "पाणी आला" म्हणून ओरडायचीस. मी एकदा विचारलं होतं, अक्का, तुला राग येत नाही का? तू दोऱ्याचं टोक दातानं तोडलंस आणि म्हणालीस, "हसतील त्यांचे दात दिसतील की. माझं काय जातंय?"

तू मला पिल्ला म्हणायचीस. तुमच्यात मुलीला तसंच म्हणतात हे कळलं होतं, तरी माझ्या कानाला ते मराठीतलं पिल्लूच वाटायचं, आणि त्या वर्षी मला कुणीतरी पिल्लू म्हणायची फार गरज होती.

आणि मग पाण्याचा दिवस. ही गोष्ट सोलापूरकराला समजावून सांगावी लागत नाही, तीन-चार दिवसांआड एकदा पाणी येतं, त्यामुळे आपलं पंचांगच नळावर चालतं. पण तुझ्या घरची तऱ्हा और होती. सार्वजनिक नळ नेमका तुझ्या दाराशी. पाण्याच्या दिवशी सकाळपासून गल्लीभरच्या घागरी तुझ्या उंबऱ्याला नंबर लावून बसायच्या, तुझी बसायची जागाच जायची. वर पाणी आलं की सगळीकडे ओल. ओल लागली की तंबाखूला सर्दी होते, असं तू म्हणायचीस, आणि सर्दी झालेली विडी कारखान्यात कोण घेणार? म्हणून त्या दिवशी पानं आणि तंबाखू माळ्यावर, सूप खुंटीला आणि तू मोकळी. एरवी दिवाळीलासुद्धा तुझ्या मांडीवरचं सूप उतरायचं नाही. पाण्याच्या दिवशी विडी नाही, हा तुझा एकमेव सण.

तो सण तू थेटरात साजरा करायचीस. माझी शाळा सकाळची. जेवून उठते न उठते तोच दारात तुझा आवाज, "पिल्ला, चल की. आज विडी नाय." तुझी सासू घागरींपाशी पाट टाकून नंबर राखत बसलेली असायची. पातळ कपाळापर्यंत ओढून ती तेलुगूत काहीतरी बजावायची, त्याचा अर्थ मला न शिकताच कळायला लागला होता. नळाला पाणी यायच्या आत परत ये, एवढाच तो अर्थ.

तीनचा खेळ. आपण पुढून कितव्या तरी रांगेत, पंख्याखाली. तुझ्या पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. अक्का, जगात कुणी सिनेमाला कडक भाकरी नेत असेल का? पडद्यावर नायिकेची आई मरणशय्येवर, सगळं थेटर सुन्न, आणि आपल्या रांगेतून कुर्रकुर्र आवाज. पुढचा माणूस वळून बघायचा. तू त्यालाच तुकडा पुढं करायचीस. नायिकेनं मूर्खपणा केला की तिला तेलुगूत शिव्या, नायकानं केला की मराठीत, कारण मराठीत शिवी दिली तर पाप कमी लागतं असा तुझा हिशेब होता. तुझ्या शेजारी बसून मी पहिल्यांदा मोठ्यानं हसले. सोलापुरात आल्यानंतरचं ते पहिलं हसू होतं, आणि मला त्याचाच इतका धक्का बसला की मी तोंडावर हात ठेवला.

पण शेवट? शेवट आपण एकाही सिनेमाचा पाहिला नाही. मारामारी सुरू व्हायची, किंवा नायिका रेल्वेच्या रुळांवरून धावायला लागायची, आणि तू पिशवी उचलायचीस. "चल, पाणी आला असंल." मी रडकुंडीला यायचे. अगं, दहा मिनिटं राहिलीत. तू ऐकायची नाहीस. गुडघ्यांना गुडघे घासत, लोकांचे शिव्याशाप खात आपण बाहेर, आणि मग रिक्षा कुठली, पायीच, तू पुढं आणि मी तुझ्यामागं धावत.

शेवट तू नळावर सांगायचीस. पाण्याची धार घागरीत पडत असायची आणि तू पदर खोचून ऐटीत सुरुवात करायचीस, जणू दिग्दर्शकानं तुलाच विचारून सिनेमा काढलाय. तुझ्या शेवटात कुणाचं लग्न होत नसे. खलनायकाला दमा लागायचा. नायिका शिवणाचं मशीन घ्यायची, नाहीतर नर्स व्हायची, आणि अगदी शेवटी, काहीही झालं तरी, तिच्या घरात तिचा स्वतःचा नळ यायचा. राजवाड्यातल्या राजकन्येलासुद्धा तू शेवटी नळ दिलास. मी म्हटलं, राजकन्येला कशाला नळ? तिच्याकडे दासी असतात. तू म्हणालीस, "मग दासीला दिला असं समज."

मी तुझ्याशी भांडायचे की खरा शेवट असा नसतो. तू म्हणायचीस, खरा पाहिलायस का तू? झालं. हे भांडण पुढं इतकी वर्षं चाललं की आपल्यात ती एक बोलायची पद्धतच झाली. माझं लग्न ठरलं तेव्हा तू माझ्या सासूबाईंना पहिला प्रश्न विचारलास, घरात नळ आहे का. त्यांना वाटलं, ही बाई पाणीपुरवठ्यात कामाला आहे.

आता ते बोलते, जे मी तुला कधीच बोलले नाही. दहावीत असताना एकदा मी शाळेतून आले तर तू आमच्या दारात आईशी बोलत होतीस. तुम्हा दोघींची पाठ माझ्याकडे. मी जिन्याशीच थांबले. आई म्हणत होती, "तू नेतीस म्हनून माजी पोरगी जरा मानसात येती. तुजे उपकारच हायेत, नरसू. नेत जा तिला." तू काहीतरी पुटपुटलीस आणि मान हलवलीस.

तेवढंच. पण त्या वयाला तेवढं पुरतं. मला वाटलं, अच्छा, म्हणजे असं आहे तर. आईनं सांगितलंय. मुकी पोर आहे, हिला जरा फिरवून आण, म्हणून तू मला नेतेस. अख्ख्या सोलापुरात माझं एक माणूस होतं आणि तेही आईनं रदबदली करून मिळवलेलं. पाण्याच्या दिवशी तू पुन्हा दारात आलीस. मी चप्पल घातली आणि आले. नाही म्हणायला माझ्याकडे दुसरं होतं तरी काय? पण त्यानंतर तुझ्याबरोबर हसताना मी अधूनमधून तुझ्याकडे बघून घ्यायचे, की हिला खरंच मजा येतेय की ही कामगिरी पार पाडतेय.

हा काटा पुढं बुजून गेला असं मला वाटत होतं. कॉलेज झालं, नोकरी लागली, लग्न झालं, श्रेया झाली. माझी मुकी जीभ अशी सुटली की आज मी जुळे सोलापूर या नव्या वस्तीतल्या एका कॉलेजच्या प्रवेशखिडकीवर बसते आणि दिवसभर बोलून घसा बसवून घेते. तुझ्याकडे येणं कधी थांबलं नाही. फक्त एका विषयावर आपलं हमखास बिनसायचं. मी कुणालाही कौतुकानं सांगायला लागले, की मी शाळेत असताना किती एकटी होते, आणि या नरसक्कानं मला कशी सोबत दिली, की तुझा चेहरा उतरायचा. एकदा तर श्रीनिवासच्या बायकोसमोर तू फटकारलंस, "एकटी, एकटी! काय एकटी? मी काय खांब होते का शेजारी?" मला वाटलं, माझे आभार मानणं हिला जड जातंय, साधी बाई आहे. आणि आत तो काटा हळूच म्हणायचा, जड जाणारच, आईनं सांगितलेलं काम होतं ते.

मग गेल्या थंडीतला तो सिनेमा. डॉक्टर आमच्या बाजूला म्हणून श्रीनिवासनं तुला काही दिवस माझ्याकडे आणून ठेवलं होतं. श्रेया आता सोळाची. तुला आजी म्हणते आणि तुझ्या मांडीवर पाय टाकून मोबाईल बघते. रविवारी दुपारी तिनं टीव्हीवर एक सिनेमा लावला. डोंगराळ गावातल्या शाळेत एक मुलगी नवी आलेली, श्रेयाच्याच वयाची. तिच्याशी कुणी बोलत नाही. कुणी छळतही नाही, नुसतं कुणाच्या लक्षातच ती येत नाही. मधल्या सुट्टीत ती कानाला फोन लावून बोलत बोलत फिरते, हसते, मान हलवते. मग कॅमेरा जवळ जातो आणि कळतं, फोन बंद आहे.

अक्का, माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मी डबा घेऊन फिरायचे, ती फोन घेऊन फिरत होती. ज्यानं कुणी हा सिनेमा काढला त्यानं मला माढ्याहून आलेली पाहिली होती की काय? इतकी वर्षं मला वाटत होतं की हा असला बावळटपणा जगात मी एकटीनंच केला. श्रेया म्हणाली, "मम्मी, तू रडतीयेस?" मी म्हटलं, चहा गरम आहे. तू मात्र जोरात होतीस. तुझा दम लागलेला आवाज, तरी पडद्यावरच्या पोरीला तुझ्या सूचना चालूच. "अगं त्या बाकावर जाऊन बस की. नाय, तिकडं नको, वाऱ्यात. पोरगी लई वाळली बघ."

मग तिला मैत्रीण मिळते. कुरळ्या केसांची, बडबडी. दोघी नदीवर जातात, एकमेकींच्या वेण्या घालतात. तू खूश, मी खूश, श्रेया म्हणाली, आता काहीतरी वाईट होणार. आणि झालंच. पालकांच्या सभेत वर्गबाई त्या मुलीच्या आईला सांगते, मीच त्या कुरळीला सांगितलं होतं, हिला जरा सोबत दे म्हणून. ती मुलगी दाराआड उभी. तिनं ते ऐकलं.

मी तुझ्याकडे पाहिलं. शिवी नाही, सूचना नाही. पदराशी चाळा करत राहिलीस, आणि मग भिंतीला धरून उठलीस. "पाणी आला बघ."

पाणी आलं नव्हतं. नळ अजून फुरफुरलासुद्धा नव्हता. तू स्वयंपाकघराकडे निघालीस, धापा टाकत, म्हणून श्रेया सिनेमा थांबवून तुझ्यामागं धावली. मी तिथंच बसले. पडद्यावर ती मुलगी दाराआड तशीच थबकलेली, आणि मी तिच्याकडे बघत बसलेली. चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हटलं. सापडलीस, नरसक्का. थोड्या वेळानं पाणी खरंच आलं, आणि आत तुम्ही दोघी ते भरत काहीतरी बोलत होतात. श्रेया हसली तेवढं ऐकू आलं. तू परत आलीस तेव्हा दमली होतीस, उशांना टेकलीस आणि डोळे मिटलेस. विचारावं असं दहादा ओठांवर आलं. पण श्वासासाठी झगडणाऱ्या माणसाला कुणी असलं विचारतं का? म्हटलं, बरी होऊ दे. तू बरी झाली नाहीस.

म्हणून तू गेल्यावर हुश्श झालं ते खरं, पण ते अर्धंच होतं. तुझ्या घरी बायका जमल्या, तू कुणाला कशी उपयोगी पडलीस ते सांगत होत्या, आणि मी त्यांच्यात बसून तोच जुना विचार करत होते, की मीही त्या उपयोगांपैकीच एक की काय.

तुझे दिवस झाले त्या आठवड्यात श्रेया म्हणाली, आपला तो सिनेमा राहिलाय, बघायचा का? मी म्हटलं, मला नाही बघवणार शेवट. तर ती म्हणाली, "मला माहितीय शेवट. आजीनं सांगितला होता की, त्या दिवशी पाणी भरताना."

मी कणीक मळत होते. हात थांबले. म्हटलं, काय सांगितला?

"आजी म्हणाली, ती टीचर खोटं बोलली. तिनं कुरळीला पाठवलंच नव्हतं. कुरळीच टीचरकडे गेली होती, मला त्या नव्या मुलीशेजारी बसवा म्हणून. कारण तिला पण कुणीच नव्हतं. टीचरनं कुरळीचा मान राखायला उलटं सांगितलं. आणि ती नवी येडी आयुष्यभर समजत राहते की तिच्यावर उपकार झाले." श्रेयानं फ्रिजमधून पाणी काढलं, दोन घोट घेतले. "आणि शेवटी दोघींच्या घरात नळ येतो म्हणे. मम्मी, त्या सिनेमात नळाचा काय संबंध?"

मला हसू आलं. मग हसता हसता काय झालं ते सांगत नाही, कणकेचे हात डोळ्यांना लागले एवढंच. श्रेया बिचारी घाबरून गेली.

तरी माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. तुझ्या शेवटांवर मी कधी विश्वास ठेवलाय? राजकन्येला नळ देणारी बाई तू. मनाच्या समाधानासाठी तू काहीही जुळवशील. म्हणून आई, जी आता पुन्हा माढ्यालाच राहते, तुझ्या घरच्यांना भेटायला आली तेव्हा पूर्व भागातून परत येताना मी रिक्षातच विषय काढला. म्हटलं, आई, तू नरसक्काला सांगितलं होतंस ना, मला सिनेमाला नेत जा म्हणून?

आईनं माझ्याकडे असं बघितलं, जणू भाजीत मीठ घालतात का असं मी विचारलंय. "मी कशाला सांगू? तीच आली की मागाय."

काय मागायला?

"तुला. तिची सासू लई खमकी. नवरा भिवंडीला मागावर, वर्सातनं दोनदा येनार. हिला एकटीला भायेर सोडायची न्हाय. थेटरात एकटी बाई बसली तर लोक काय म्हनत्याल? आली माज्याकडं. म्हनली, वैनी, तुमची पोरगी द्या की सोबतीला. पोरीला शिनेमा दावाय नेते म्हनलं तर सासू सोडती. डोळ्यात पानी बाईच्या. म्हनली, दिसभर त्या सुपात बगून बगून माजं डोकं फिरतंय, बोलाय मानूस न्हाय."

मी म्हटलं, पण तूच तर तिचे उपकार मानत होतीस. मी ऐकलंय, जिन्यात उभी राहून.

"मग काय म्हनू?" आई जरा चिडलीच. "बाई दर बारीला येऊन हात जोडायची, तुमी पोरगी देता म्हनून मी जगते म्हनायची. तिला मिंधं वाटू नये म्हनून म्हनलं, उपकार तुजेच, नेत जा. येवढं बी कळंना व्हय तुला? एवडी शिकलीस कशाला मग?"

रिक्षा सिग्नलला थांबली होती. मला मोठ्यानं हसावंसं वाटत होतं. एवढ्या वर्षांचं ओझं, आणि आईनं ते रिक्षात, मांडीवरची पिशवी सावरता सावरता, असं खाली ठेवलं. मी तुझ्यावर सोपवलेली नव्हते, अक्का. मला तू मागून नेलं होतंस. आमच्या घरातली सोबत तू उसनी नेत होतीस, आणि मी वेडी समजत होते की मीच दान घेतेय.

तेव्हा तू तरी केवढी होतीस गं? आता मोजते तर पोरच वाटतेस. माझ्या प्रवेशखिडकीवर तेवढ्या वयाच्या मुली येतात, आईवडिलांना बरोबर घेऊन, आणि अर्ज कुठं द्यायचा ते त्यांना कळत नाही. तू त्या वयात सुपात मान घालून बसली होतीस. गल्लीत सगळे तुझी भाषा बोलणारे, तरी तुला बोलायला कुणी नव्हतं. मला निदान शाळेत चालायला मैदान होतं. तुला उंबराच होता. मग आलं लक्षात, तू का फटकारायचीस ते. मी चारचौघांत सांगायचे, मी एकटी होते आणि हिनं मला सोबत दिली, आणि तुला आत लागत असणार, की माझी सोबत हिनं केली ती हिच्या खिजगणतीतच नाही. तू खांब नव्हतीस, अक्का. तू कुरळी होतीस. आणि मान राखायचा म्हणून तूही मला कधी उलगडून सांगितलं नाहीस, नळावर गोष्टी रचत राहिलीस.

एक मात्र तुझं चुकलं. हे तू मला तोंडावर सांगायला हवं होतंस. मी काय रागावले असते? उलट त्या वयात मला कुणी म्हटलं असतं, की बाई गं, मला तुझी गरज आहे, तर मी मैदानात डबा खाली ठेवून बसले असते. पण जाऊ दे. तू सांगितलंसच. पाणी भरता भरता सांगितलंस, माझ्या लेकीला, जिथं तू आयुष्यातल्या सगळ्या खऱ्या गोष्टी सांगितल्यास. ते माझ्यापर्यंत पोचेल हे तुला माहीत असणार. श्रेयाच्या पोटात काही राहत नाही, हे तूच म्हणायचीस.

आज आमच्याकडे पाण्याचा दिवस. दुपारी श्रेयानं तो सिनेमा पुन्हा लावला, जिथं थांबवला होता तिथून. आज मी बसले. कडक भाकरीचा तुकडा घेऊन बसले, मुद्दाम. श्रेया कानांवर हात ठेवून म्हणाली, मम्मी, काहीच ऐकू येत नाहीये. ती मुलगी दाराआडून निघाली, पळत सुटली, नदीकडे. कुरळी तिच्यामागं. दोघी काठावर समोरासमोर उभ्या, धापा टाकत. कुरळीनं बोलायला तोंड उघडलं, आणि आमच्या स्वयंपाकघरात नळ फुरफुरला.

श्रेया म्हणाली, "थांब ना, मम्मी, शेवटचीच दहा मिनिटं राहिलीत."

मला तो शेवट नको होता. माझ्याकडे आहे. मी पदर खोचला, उठले, आणि उठताना तुझ्या उशांच्या जागेकडे बघून सवयीनं म्हणाले, "चल गं नरसक्का. पाणी आला."